हाट उठायच्या आत

पातरपुटच्या दवाखान्यात कुमुदिनी खराच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. ती तिथली लॅब टेक्निशियन. जिल्ह्यातल्या वीस दवाखान्यांसाठी थुंकीतून क्षय हुडकणारी यंत्रं घ्यायची होती. कुठलं घ्यायचं ते तिथले सातपथी डॉक्टर लिहून कळवणार होते, तेव्हा भर बैठकीत तिने त्यांना सुनावलं, "सर, सव्वा तास लावणारं ते थोरलं धूड तुम्ही घरी न्या. आम्हाला धाकटंच पाहिजे. वीस मिनिटांत निकाल!"

हट्टाला कारण होतं. डोंगरातली माणसं दवाखान्यात येतात ती फक्त मंगळवारी, हाटाला. चिंच विकायची, सुकी मासळी घ्यायची, जाता जाता खोकला दाखवायचा आणि दोनच्या जीपने परत. गेल्या वर्षी दुमनी जानी अशीच थुंकी देऊन गेली. नमुना जिल्ह्याला गेला, कागद चार दिवसांनी आला, दुमनी काही पुन्हा आली नाही. शेवटी कुमुदिनी दोन डोंगर चढून कागद घेऊन गेली, तर तो बहिणीच्या हातात द्यावा लागला. दुमनी आदल्या आठवड्यातच वारली होती. तो दिवस कुमुदिनीला अजून खात होता.

"मग मंगळवारीच लावून बघू दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

मंगळवारी दहाला तीस माणसं रांगेत होती. पंधरा नमुने धाकट्याला, पंधरा थोरल्याला. पहिला निकाल वीस मिनिटांत कुमुदिनीच्या हातात आला. "बघा!" ती म्हणाली. डॉक्टर मांडियाची, म्हणजे नाचणीची, पेज पीत बसले होते.

धाकटं एका वेळी एकच नमुना घ्यायचं. थोरलं एकदम आठ. एक वाजता थोरल्याचे पंधराही निकाल लागले आणि ते रिकामं झालं. धाकट्याचे झाले होते नऊ. कुमुदिनीने बोटांवर हिशेब केला. उरलेल्या सहांना अजून दोन तास. हे तिला आधी कसं सुचलं नाही? घाई एका माणसाची नव्हती, अख्ख्या हाटाची होती.

रांगेच्या शेवटी सुकरी जानी खोकत बसली होती. दुमनीची बहीण.

"दिदी, माझी जीप जाईल हां. परत काय मी येत नाही."

उरलेले सहाही जण त्याच जीपचे होते. कुमुदिनीने त्यांचे नमुने उचलले आणि थोरल्यात ठेवले. "सर, माझं चुकलं. थोरलंच लिहा."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"आता बहिरे झालात होय? चुकलं म्हटलं! पण निकाल सव्वादोनला लागेल आणि जीप दोनला सुटते. त्याचं काय करू?"

पेजेचा वाडगा खाली ठेवून डॉक्टर उठले. त्यांनी सुकरीची छाती तपासली, मग दोनच्या सुमाराला रक्तदाबाचं यंत्र काखेत मारून थेट जीपपाशी गेले.

"ड्रायव्हरबाबू, चेहरा बरा दिसत नाही तुझा. हात पुढे कर."

"मला काय झालंय सर?"

"तेच बघतोय. हलू नकोस." एकदा डावा हात झाला, एकदा उजवा, मग पुन्हा डावा. जीपमधले लोक ओरडायला लागले. ड्रायव्हर बिचारा स्वतःची नाडी चाचपत बसला.

कुमुदिनी धावत आली तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. सुकरी मागच्या फळीवर बसली होती. सहांत तिचाच एक निकाल वाईट होता.

"आहे तुला," कुमुदिनी धापा टाकत म्हणाली. "पण बरा होतो. या गोळ्या आजपासून. पुढच्या मंगळवारी आली नाहीस तर मी येईन डोंगर चढून, आणि शिव्या घालीन!"

सुकरीने गोळ्या ओच्यात बांधल्या आणि हात पुढे केला. "कागद दे."

"तुला वाचता कुठं येतं?"

"बहिणीचा तिला मिळाला नाही, मला मिळाला," सुकरी म्हणाली. "माझा मी घेऊन जाते."