तांब्याच्या रेडिएटरवरचा आळ

ज्याच्या माथी सगळं खापर फुटलं, तो रेडिएटर मी बोलतोय. आता बोलून उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण इतकी वर्षं गप्प बसून तरी काय मिळालं?

माझं अंग तांब्यापितळेचं. एका कारागिराने माझ्या बारीक बारीक नळ्या एकेक करून कथलाचा डाग देऊन जोडल्या, मग मला पाण्याच्या हौदात बुडवलं आणि काठावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत बसला. एकही बुडबुडा आला नाही. "पास," तो म्हणाला. माझ्याबद्दल कुणी काढलेला शेवटचा चांगला शब्द बहुधा तोच.

तिथून मी एका गाडीच्या तोंडाशी आलो. लाल, बुटकी, दोनच माणसांची, पण इंजिन असं की चार गाड्यांना पुरून उरावं. माझं काम सोपं. तापलेलं पाणी वरून माझ्यात यायचं, मी ते वाऱ्यावर गार करायचो आणि खालच्या रबरी नळीतून इंजिनाकडे परत पाठवायचो. गाडी चालू असली की आगीशी शेजार. तक्रार कधी केली नाही.

आमचे मालक दातांचे डॉक्टर. गुरुवारी दवाखाना बंद, की हे गाडी काढून घाटात. वळणावर वेग कमी करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. घरी आले की जुना टूथब्रश घेऊन माझ्या फटींत अडकलेले किडे काढत बसायचे. बायको म्हणायची, "अहो, पेशंट संपले की काय?" ते म्हणायचे, "हा माझा सगळ्यात शहाणा पेशंट. तोंड उघडं ठेवतो आणि बोलत नाही."

त्या वेळी मला ते कौतुक वाटलं होतं.

पुढे डॉक्टरीणबाई वारल्या. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, गाडीवर कापड टाकलं. मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "अं, अं" निघायचं. मोठी मुलगी शाळेत भूगोल शिकवायची. ती बदली मागून घरी राहायला आली.

एकदा तिने त्यांना हात धरून गॅरेजपर्यंत चालवत आणलं आणि गाडीवरचं कापड काढलं. डॉक्टरांनी डावा हात बॉनेटवर ठेवला, तो काही केल्या काढेनात. तिथेच तिने ठरवलं, बाबांना एकदा या गाडीतून घाटमाथ्यावर न्यायचं.

गाडी सुरू करायला जो मेकॅनिक आला, त्याला सगळे 'शंभर टक्के' म्हणत. कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. त्याने तेल बदललं, प्लग बदलले, रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या. खालच्या जुन्या नळीच्या आत तारेची एक स्प्रिंग होती. ती गंजली होती.

"ही कशाला होती?" मुलीने विचारलं.

"जुनी पद्धत. हल्ली कुणी घालत नाही," म्हणत त्याने ती कचऱ्यात टाकली.

अहो, ती स्प्रिंग हौसेने नव्हती घातली! इंजिन जोरात पळू लागलं की पंप खालच्या नळीतून पाणी ओढतो. नळी मऊ असली तर ती आत चिमटते. ती चिमटू नये म्हणून आत स्प्रिंग. पण मी सांगणार कुणाला?

पहिल्याच फेरीला घाटातल्या सहाव्या वळणावर तेच झालं. इंजिन चढाला गरजलं, माझ्या पायाशी नळी चपटी झाली, पाणी माझ्यातच अडकलं. काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटखालून वाफेचे लोट. भर दुपारी, सावली नाही, फोन लागत नाही. डॉक्टर दोन तास उन्हात बसून होते. एका ट्रकवाल्याने खाली जाऊन निरोप दिला, धाकटा मुलगा आपल्या गाडीने आला, तोवर त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"ताई, बाबांना काही झालं असतं तर?" तो घरी आल्यावर म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "पुन्हा एकदा जरी उकळली ना, तरी गाडी विकायची. मी गिऱ्हाईक बघून ठेवतो."

"एकदा नीट करून तर घेऊ दे," ती म्हणाली.

आणि माझे हाल सुरू झाले. शंभर टक्क्यांनी मला थोपटलं, वाकून बघितलं आणि निकाल दिला, "रेडिएटर चोंदलाय." माझ्यात कसलीशी पावडर ओतली. मग आम्ल घालून धुतलं. कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्याचा पांढरा बलकसुद्धा ओतला. अंडं घालतात गळती बुजवायला, माझी गळती तर कुठेच नव्हती! चार दिवस माझ्या पोटात ते अंडं शिजत होतं. शेवटी मला काढून नळाखाली धरलं. वरून ओतलेलं पाणी खालून धो धो बाहेर आलं. चोंदलेला माणूस असा वाहतो का?

"बाहेरून कळत नाही," तो म्हणाला, "पण आतून गेलाय."

सगळ्यात जास्त चीड कशाची यायची सांगू? गाडी तापली की हे लोक काय करायचे? आधी गाडी थांबवायचे, मग बॉनेट उघडायचे. इंजिन मंद झालं की नळी पुन्हा गुबगुबीत, जणू मी नाही त्यातली! चोर पळाल्यावर घराची झडती घ्यावी, तशी यांची तपासणी.

अखेर माझ्या जागी नवा आणायचं ठरलं. ॲल्युमिनियमचा, माझ्या निम्म्या वजनाचा, मागे विजेचे दोन पंखे. मला गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून मी बघत होतो. नवा चकचकीत होता. कामालाही चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पायाशी जोडली ती नळी तीच.

मुलीने गाडी मोठ्या रस्त्यावर नेली आणि अर्ध्या तासात परत आली. मागे वाफ. भावाने तिथेच फोन लावला. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय," तो फोन ठेवून म्हणाला.

शुक्रवारी सकाळी शंभर टक्के शेवटचा प्रयत्न म्हणून आला. गाडी अंगणात उभी, बॉनेट उघडं. डॉक्टर बाजूला खुर्चीत, त्यांच्याजवळ मुलगी उभी. तो आत बसून इंजिन रेस करत होता, म्हणजे इंजिन जोरात आणि बॉनेट उघडं, हे पहिल्यांदाच एका वेळी जुळून आलं होतं. मी गॅरेजच्या उघड्या दारातून जिवाच्या आकांताने बघत होतो. खाली बघा! अरे, खाली बघा!

बघितलं ते डॉक्टरांनी. त्यांचा डावा हात उठला. "अं! अं!"

"काय बाबा? ऊन लागतंय?"

"अं!"

"पाणी हवंय?" तिने पेला पुढे केला. त्यांनी तो असा उडवला की थेट कुंडीत गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी त्यांच्याइतकं जवळचं मला जगात कुणी वाटलं नाही. दोघांनाही माहीत, आणि दोघांनाही सांगता येईना.

मग त्यांनी तिचं मनगट धरलं. इंजिन गरजलं की घट्ट आवळायचे, मंदावलं की सोडायचे. आवळायचे, सोडायचे.

"घाबरलात का? बंद करू का?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता थबकली. आपल्या मनगटाकडे बघितलं, मग त्यांची नजर होती तिकडे बघितलं. "थांबा हो! बंद नका करू. पुन्हा रेस द्या. जोरात!"

ती वाकली. "अहो, ही खालची नळी बघा! घट्ट सरबत ओढताना कागदी नळी चिमटते, तशी चिमटतेय!"

शंभर टक्के उतरून आला. तिने आत जाऊन रेस दिली. तो बघत राहिला. मग मान खाजवत म्हणाला, "नव्वद टक्के हेच असणार."

दुपारपर्यंत जाड नळी आणि आत नवी स्प्रिंग बसली. भावाने गिऱ्हाइकाला एक दिवस थांबायला सांगितलं.

शनिवारी ते निघाले. पुढे लाल गाडीत बापलेक, मागे भाऊ आपल्या गाडीत. मी भिंतीशी. आता एक कबूल करतो, लाज वाटते तरी. त्या चार तासांत मी मनातून म्हणत होतो, उकळू दे. एकदाच उकळू दे, म्हणजे कळेल यांना. डॉक्टर त्या गाडीत आहेत, हे माहीत असून म्हणत होतो. इतका कडू मी झालो होतो.

नाही उकळली. परत आले तेव्हा डॉक्टरांचे केस वाऱ्याने उभे राहिले होते, नाक उन्हाने लाल झालं होतं आणि तोंडाच्या एकाच बाजूने ते हसत होते. भाऊ खाली उतरला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, सहाव्या वळणावर जरा हळू घ्यायचंस ना!" तिने हसून डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "यांनी घेऊ दिलं तर! मांडीवर थापा मारत होते."

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं.

नंतर गॅरेज आवरताना मुलगी माझ्यापाशी थांबली. "याचा काही दोषच नव्हता, नाही का?"

"नव्हता," शंभर टक्के म्हणाला. "पण आता पुन्हा हा बसवून काय करणार? नवा हलका आहे."

"तेही खरंच," ती म्हणाली.

तेही खरंच! संपला खटला. निर्दोष सुटलो, आणि घर गेलं.

उद्या भंगारवाला येणार आहे. "माल चांगला आहे, तांबं-पितळ आहे," असं तो परवा मला उचलून बघत म्हणाला. म्हणजे वितळवतील. माझी हरकत नाही, आगीची भीती मला कधीच नव्हती. पितळेचा नळ झालो, तरी कुणाच्या तरी घरी पाणी देत राहीन. फक्त एवढं ऐका. उद्या तुमच्या स्वयंपाकघरात मी ठिबकायला लागलो, तर मला बदलायच्या आधी एकदा आतला रबरी वायसर बघा.