रोउनचं पान

सासूबाईंनी कागदातून कापलेली भाताची वाटी उचलली, क्षणभर हवेतच धरली आणि चित्रातल्या पानावर उजवीकडे चिकटवली. समोर बसलेल्या दासोलने हातातली कात्री खाली ठेवली.

त्यांच्याकडे भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. हे कुणी कुणाला शिकवत नाही, चालायला येतं तसं आपोआप कळतं. उलटं पान मांडतात ते फक्त गेलेल्या माणसासाठी, श्राद्धाच्या दिवशी. आणि टेबलावरच्या त्या चित्रात उलटं मांडलेलं एकच पान होतं. त्यापुढे दासोलनेच सकाळी आपल्या हाताने नाव लिहिलं होतं, रोउन. तिचा पाच वर्षांचा मुलगा.

"आई, हे पान कुणाचं?"

"रोउनचं. तूच लिहिलंयस की. स्वतःचं अक्षर लागेना होय तुला?"

बाकी तिन्ही पानं बिनचूक होती. आजीचं, बाबाचं, आईचं. चमचा आणि चॉपस्टिक्ससुद्धा जागच्या जागी.

हे कागद फुकट मिळत. विसरायला लागलेल्या माणसांसाठी एक साइट होती, कुणीही उघडावी, हवं ते छापून घ्यावं. रंगवायची फळं, दोन चित्रांतले फरक, फुलांची चित्रं असलेल्या खेळायच्या पत्त्यांच्या जोड्या, कापून चिकटवायचं जेवण. प्रत्येक कागदाच्या तळाशी तीच ओळ असे: यात चूक-बरोबर काही नाही, सोबत बसून मजा घ्या. दासोल सोबत बसायची, पण मजा काही तिला घेता यायची नाही. साइटवर इतर सुनांचे अभिप्राय असत, 'आमच्या आईंनी अवघड पातळी एका बैठकीत केली!' ते वाचून तिला उगाचच हरल्यासारखं व्हायचं.

कारण तिला या कागदांकडून वेगळंच काहीतरी हवं होतं. येत्या सोमवारपासून ती दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवर परत जाणार होती. बालवाडीची पिवळी बस संध्याकाळी इमारतीच्या गेटवर यायची आणि मूल घ्यायला मोठं माणूस लागायचं. दासोलला घरी पोचायला त्यानंतर तासभर लागणार. त्या तासापुरता रोउन सासूबाईंच्या हाती सोडावा की नाही, एवढाच प्रश्न होता. नवरा, संगग्यू, म्हणायचा, "मला वाढवलंय तिने. एक तास नातवाला बघता येणार नाही?"

कधी तिलाही तसंच वाटे. पत्त्यांच्या जोड्या सासूबाईंनी चुटकीसरशी लावल्या होत्या, वर "कॉलेजात काय शिकलीस गं?" असं ऐकवलंही होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी पर्सिमॉनचं नारिंगी फळ निळ्याशार रंगात रंगवलं. विचारल्यावर शांतपणे म्हणाल्या, "अजून कच्चं आहे." ही थट्टा होती की दुसरं काही, हे दासोलला त्या दिवशीही कळलं नव्हतं.

आता तिने धीर करून विचारलं, "आई, उलटं का मांडलंत?"

"डावरा आहे ना तो. रस्सा उजवीकडे ठेवलास तर सगळ्या पानावरून हात नेतो आणि सांडून ठेवतो."

रोउन डावरा? त्याच्या खोकल्याचा आवाज दोन खोल्यांपलीकडून ओळखणाऱ्या दासोलला हे ठाऊक नव्हतं? चित्रं तो उजव्या हाताने काढतो. काढतो ना? चेंडू कुठल्या हाताने फेकतो? तिने आठवून पाहिलं, पण जितकं आठवावं तितका तो हात पुसट होत गेला.

संध्याकाळी जेवताना ती घास विसरून मुलाकडे बघत बसली. रोउनने चमचा उजव्या हातात घेतला. मग अंड्यासाठी डाव्यात घेतला. मग दोन्ही हात रिकामे करून अंडं थेट बोटांनी उचललं.

"आई, अशी का बघतेस?"

"काही नाही. जेव तू."

रोउन झोपल्यावर तिने नवऱ्याला विचारलं. संगग्यू हसला. "मी होतो डावरा. लहानपणी. आईनेच माझी सवय मोडली, तेव्हा शाळेत चालायचं नाही. बघ, तिला सगळं आठवतंय!"

"पण कुणाचं आठवतंय?"

"म्हणजे?"

म्हणजे काय, हे तिला नीट सांगता येईना. बापाची खूण आजीला पोरात दिसली असेल. किंवा त्या कागदावर बसलेला मुलगा रोउन नव्हताच, चाळीस वर्षांपूर्वीचा संगग्यू होता. दोन्ही खरं असू शकत होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं का, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद पुढे केला. सासूबाईंनी तो बोटाने मागे सारला.

"आज परीक्षा नको, रोउनची आई."

"परीक्षा कसली, आई! खेळ आहे."

"खेळात समोरचा असा श्वास कोंडून बसतो होय? सरळ विचार, काय विचारायचंय ते."

दासोलचे कान तापले. तिने विचारलं, "सोमवारपासून मी कामावर जाणार. रोउनची बस येईल तेव्हा तुम्ही गेटवर जाल?"

"जाईन की. न जायला काय झालं?" सासूबाई खिडकीकडे बघू लागल्या. "जाईन. बस थांबेल. पोरं उतरतील. मी हाक मारीन. पण 'रोउन' म्हणेन की 'संगग्यू' म्हणेन, ते आत्ता नाही सांगता यायचं. आणि संगग्यू म्हटलं आणि कुणी आलंच नाही, तर मी तिथेच उभी राहीन."

'मी करते गं सगळं' असं त्या म्हणाल्या असत्या, तर नाही म्हणणं किती सोपं झालं असतं! आपल्याला काय येणार नाही हे इतकं स्वच्छ सांगणाऱ्या माणसावर विश्वास टाकावा, की नेमकं याच माणसावर टाकू नये? दासोलने नवा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली की तिला रोज तासभर लवकर निघावं लागेल, पगार कापला तरी चालेल. पलीकडून नापसंतीचं 'हं' आलं आणि मग 'बरं'.

आत आली तेव्हा सासूबाई उभ्याच होत्या.

"मग त्या तासात मी काय करू?"

दासोलने याचा विचारच केला नव्हता. ती गडबडली. "तुम्ही... तुम्ही पण चला गेटवर. माझ्याबरोबर."

"एवढ्याशा पोराला आणायला दोन बायका? लोक हसतील."

"हसू देत."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या सुखावल्या होत्या की दुखावल्या होत्या, दासोलला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "हाक मात्र तू मार," आणि सोमवार अजून चार दिवसांवर असताना आपला चांगला कोट शोधायला आत निघून गेल्या.