नागोबाची जागा

धायरीतल्या आपल्या तीन गुंठ्यांत प्रियदर्शनी गायकवाड काहीच बांधत नव्हत्या, आणि हे सोसायटीला सहन होत नव्हतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं बंगला बांधतात. या बाईंनी घाणेरी उपटून गवत वाढवलं, बोरीचं झुडूप राखलं आणि पाखरांसाठी पाण्याची परात ठेवली.

शेजारच्या सोसायटीचे चेअरमन सर्जेराव दर रविवारी कुंपणाशी येत.

“मॅडम, गवत वाढलंय. काहीतरी करा.”

“करतेय ना. वाढवतेय.”

बाईंनी कितीदा विनंती केली, तरी कुंपणावरून सोसायटीचा कचरा येतच राहिला. मग बाईंनी पाटी लावली : ‘या जागेत नाग राहतो. त्याला पाहुणे आवडत नाहीत.’ नाग नव्हताच. पण कचरा थांबला. माणसाच्या विनंतीला जे जमलं नाही, ते नागाच्या नावडीला जमलं.

यंदा आषाढात बोरीच्या काट्यांत मुनियांनी गवताचं गोल घरटं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आतून पिल्लांची चिवचिव येऊ लागली आणि नेमकं तेव्हाच नागपूरला बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

“मी येईपर्यंत आत कुणाला जाऊ देऊ नका,” बाईंनी बजावलं.

“निश्चिंत जा,” सर्जेराव म्हणाले. “नागोबांचं आम्ही बघतो.”

त्या परतल्या तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती. फाटकाला आंब्याची डहाळी. गवत तासून सपाट. बोरीच्या जागी सिमेंटचा ओटा, त्यावर दगडी नाग, वर पत्रा. पाटीलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार. ज्यांच्या घरात देवघर नाही, त्या बाई एका देवस्थानाच्या मालकीण झाल्या होत्या.

“सरप्राइज!” सर्जेराव म्हणाले. “सगळं वर्गणीतून.”

“बोर कुठंय?”

“ती काटेरी? बायकांच्या साड्या अडकल्या असत्या. पंचमीला जमीन खणायची नसते, म्हणून आदल्या दिवशीच जेसीबी फिरवला. नियम म्हणजे नियम.”

“तिच्यात घरटं होतं.”

“अहो, ते टाकलं नाही! आम्ही काय राक्षस आहोत?”

घरटं ओट्यावर होतं, नागापुढे. त्यालाही कुंकू. बाईंनी आत बोट घातलं. रिकामं.

“पिल्लं होती हो,” सोसायटीतल्या कांताबाई पुढे आल्या. “दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नाहीत! नागोबांनी नैवेद्य घेतला. जागृत स्थान आहे तुमचं!”

ओट्याआड सोसायटीचा बोका वाटीतलं दूध चाटत होता. दूध त्याला फारसं जात नव्हतं. पोट भरलेलं दिसत होतं. वर तारेवर मुनियांची जोडी बसली होती, खाली जागा शोधत.

बाईंनी ओट्याकडे आणखी एक पाऊल टाकलं.

“मॅडम,” सर्जेराव हळूच म्हणाले, “चप्पल तेवढी काढा.”

बाई वाकल्या. चप्पल काढली. उजव्या हातात घेतली.

बोका तेवढा समजला. तो कुंपणावरून पळाला.