नळी मोकळी सोडा

मी एक जुनी, जाडजूड रायफल आहे, मित्रांनो. उभी केली तर तुमच्या खांद्यापर्यंत येईन, आणि वजनाला तेरा किलो. मला उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून "आई गं!" निघतं, आणि मला ते ऐकायला आवडतं.

माझं काडतूस मोठ्या माणसाच्या पंजाएवढं. त्याचा धक्का सगळा खांद्यावर आला तर नेमबाजाचं काही खरं नाही. म्हणून मला घडवणाऱ्या मिस्त्रीनं डोकं लढवलं. त्यानं माझी नळी पक्की बसवलीच नाही! गोळी सुटली की नळी मागे सरकते, स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. धक्का वाटेतच जिरतो, नेमबाजाची नजर निशाणावरून हटत नाही. माझ्यापेक्षा नेमक्या रायफली असतील, असू देत की. झटकन दुसरी गोळी हवी असली की सगळे माझ्याकडेच येतात.

फौजेत माझं काम बहुतेक लोखंडाशी. शत्रूच्या गाडीचं इंजिन फोडायचं, नाहीतर न फुटलेला बॉम्ब लांबून उडवायचा. माणसावरही मला रोखलंय. ते मी फुशारकीनं सांगत नाही.

पण नदीवरची गोष्ट सांगते. लढाईतला एक पाणसुरुंग साखळी तुटून पुलाकडे वाहत निघाला. पुलावर जखमींच्या गाड्या अडकलेल्या, ना पुढे ना मागे. माझ्यामागे पडला होता एक नवा नेमबाज, शेजारी दुर्बीण घेऊन त्याची वरिष्ठ. तिला सगळे ताई म्हणत.

उतारावर मला पुढून आधार देणारे माझे दोन घडीचे पाय नीट टेकेनात. म्हणून या शहाण्यानं ते मिटले आणि माझी नळीच वाळूच्या पोत्यात खुपसली. आधीच्या रायफलीवर त्याची तीच सवय होती.

पहिली गोळी सुरुंगाच्या वरून गेली. नळी पोत्यात रुतून बसली, नवं काडतूस तोंडातच अडकलं.

"ताई, हिनं दगा दिला!"

"तिनं नाही, तू दिलास! गळा आवळून धरलायस आणि वर गा म्हणतोस? काढ ते पोतं!"

"पण ती हलेल ना!"

"अरे बाबा, हलण्यासाठीच केलीय तिला!"

त्यानं पोतं लाथाडलं, अडकलेलं काडतूस काढलं, दगड रचून माझे पाय टेकवले. सुरुंग आता बराच जवळ आला होता.

"श्वास सोड," ताई म्हणाली. "हाण!"

गोळी हातभर अलीकडे पडली. "थोडं वर!" तिचं बोलणं संपेपर्यंत माझ्यातून दुसरी सुटलीसुद्धा. धडाम! पाण्याची भिंत उभी राहिली. पूल थरथरला, पण उभा राहिला.

नेमबाजानं मला बाहीनं पुसलं. "चुकलो गं बाई," म्हणाला. ताईकडे बघून नाही हं, माझ्याकडे बघून!

मित्रांनो, कुठलंही यंत्र हाती आलं की ते कसं चालतं ते आधी समजून घ्या. पुसा, तेल द्या, आणि त्याचा जो भाग हलायचा आहे त्याला हलू द्या. शिव्या नंतर घाला.

थोड्या वेळानं त्या गाड्या सुटल्या. एकोणीस होत्या, सगळ्या पलीकडे गेल्या. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. बरंच झालं, त्यांना घाई होती.