दहावं नाव

नियम सात. ज्या संघाचे सभासद दहापेक्षा कमी होतील, त्याची संलग्नता आपोआप संपेल. नवा सभासद एक वर्ष पूर्ण झाल्यावरच मोजला जाईल.

*

यल्लव्वा बंगळूरला के. आर. पुरमच्या पुलाखाली पालेभाजी विकते. गेल्या जूनमध्ये तिने उद्यान संघाच्या अर्जावर अंगठा उठवला आणि विचारलं, "आता मी काय झाले?"

*

तलावाकाठी साठ फूट लांब, अठरा फूट रुंद जमीन. पालिकेच्या पत्रात ती 'संलग्न उद्यान संघाच्या देखभालीखाली' आहे. पलीकडच्या मंगल कार्यालयाला तिथे गाड्या लावायला जागा हवी आहे.

*

दोन मोबाइल. एक शर्टाच्या खिशात, एक पँटच्या. पँटमधल्यावरून कुणी कुणाला फोन करत नाही. तरी तो रोज चार्जिंगला लागतो.

*

"टायर," गिरीराजराव म्हणाले.

कोरमंगलाच्या एका सभागृहाच्या दारात नोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या मुलीने मान वर केली. तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर दिव्यश्री असं नाव होतं. तिने विचारलं होतं, सर, तुमची खासियत काय? गुलाब, बोन्साय, परसबाग?

"वा! टायरमधली बाग?"

"नाही. बस डेपोत होतो. टायर विभाग. चौतीस वर्षं."

"अय्यो अण्णा, मस्त आहे की!" असं म्हणून तिने काहीतरी टाइप केलं, आणि बिल्ला छापून बाहेर आला. गिरीराज राव. के. आर. पुरम पूर्व उद्यान संघ. टायर गार्डनिंग.

त्यांनी तो तसाच गळ्यात घातला.

देशभरातल्या उद्यान संघांचं हे वार्षिक संमेलन दर जानेवारीत कुठल्या ना कुठल्या शहरात भरतं. या वर्षी बंगळूरची पाळी होती. प्रत्येक संघाने एक प्रतिनिधी पाठवायचा, हजेरीत उभं राहून सभासदांचा आकडा सांगायचा, की वर्षभराची संलग्नता पक्की. के. आर. पुरमकडून इतकी वर्षं सोयराबाई जायची. संघ तिनेच काढला होता. मदुराई, इंदूर, गुवाहाटी, सगळीकडे ती एकटी जाऊन आली होती. पिशवीत बिया घेऊन जायची, पिशवीत बिया घेऊन यायची.

सोयराबाई गिरीराजरावांची बायको. गेल्या मार्चमध्ये ती वारली.

*

वर्षभरात दिवंगत सभासद (नाव, दिनांक): ______________

नोव्हेंबरमध्ये हा फॉर्म आला तेव्हा गिरीराजरावांनी पेन उघडून 'सो' एवढं लिहिलं होतं. शेजारी त्यांच्याच संघाचे उपाध्यक्ष हयवदन बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, हाताला कंप, घरात मराठी आणि बाहेर कन्नड.

"राव, स्वल्प थांबा."

"काय झालं अण्णा?"

"हे नाव लिहिलं की आपण नऊ. नऊ म्हणजे संपलं. बाग गेली."

"यल्लव्वा आहे की."

"ती जूनपासून मोजणार. जानेवारीत नाही. एवढं एक वर्ष ढकलू. तेवढं एक वर्ष सोयराबाईला कागदावर राहू दे."

"बायको आहे माझी, अण्णा."

"मग? माझी अध्यक्ष होती. मारून टाकायची घाई कुणाला आहे?"

गिरीराजरावांनी पेन खाली ठेवलं. हयवदन म्हणाले, नवा फॉर्म आणतो, त्यावर 'निल' लिहा. गिरीराजरावांना ते जमलं नाही. शेवटी हयवदनांनीच लिहिलं. सभासदांच्या यादीत सोयराबाईचं नाव सगळ्यात पहिलं लिहायची पद्धत होती. या वेळी ते दहावं आलं.

*

"के. आर. पुरम ईस्ट?"

गिरीराजराव उभे राहिले. "दहा."

"थँक यू." चिटणीस सुहास यांनी खूण केली. पुढचा संघ.

झालं. एवढंच काम होतं. ते जरा जोरातच बसले.

मग श्रद्धांजली. सुहास एकेका संघाचं नाव वाचत होते आणि त्यापुढे वर्षभरात गेलेल्यांची नावं. कोइमतूर, दोन. नागपूर, चार. शेजारच्या खुर्चीवर नागपूरचे ऋतुराज होते, सकाळपासून बोलत होते.

"आमचे दोघं तर एकाच आठवड्यात गेले हो. एक डेंग्यूनं, दुसरा झाडावरून पडून. सत्तरीत आंब्यावर चढला. सांगून ऐकते कोण?"

"के. आर. पुरम ईस्ट," सुहास वाचत होते. "निल."

"अरे वा!" ऋतुराज कुजबुजले. "कुणीच नाही? काय खाता बाप्पा तुम्ही तिकडे?"

"नाचणी," गिरीराजराव म्हणाले.

सगळे उठले. दोन मिनिटं. गिरीराजराव कोइमतूरच्या दोघांसाठी उभे राहिले, नागपूरच्या चौघांसाठी उभे राहिले. सांगली, सुरत, कोची, सगळ्यांसाठी उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले.

*

यानंतर काय आहे हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं. त्यांनी ती वाचली नव्हती.

"आता एक सत्कार," अध्यक्षा अलकाताई माइकवर म्हणाल्या. त्या पुण्याच्या. आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगून झालं. "पंचवीस वर्षं अखंड सभासद. सोयराबाई राव. के. आर. पुरम."

टाळ्या. ऋतुराजनी त्यांना कोपराने ढोसलं. "तुमच्याच ना? जा, जा."

ते गेले. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या. टेबलावर घडी घातलेली शाल, एक रोप, एक मानपत्र.

"तुम्ही मिस्टर का? अय्या, मग मराठीतच बोलू की!" अलकाताईंनी माइक झाकला नाही. "सोयराताई कुठायत? मी खास त्यांच्यासाठी आले. आमची दहा वर्षं बियांची देवाणघेवाण चालू आहे, माहितीये ना? त्यांची पांढरी अबोली माझ्या टेरेसवर आहे."

"हो," गिरीराजराव म्हणाले. त्यांना ती अबोली कुठली ते ठाऊक नव्हतं.

"आल्या का नाहीत?"

"घरी..." एवढं म्हणून ते थांबले.

"घरी असू देत. पंचवीस वर्षं झालीत, त्यांना इथून टाळ्या ऐकवू या!" अलकाताईंनी आपला मोबाइल काढून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि माइकजवळ धरला.

गिरीराजरावांच्या पँटचा खिसा वाजला.

आधी सभागृह हसलं. "काका, फोन!" मागून कुणी ओरडलं. त्यांनी तो बाहेर काढला. पडद्यावर सोयराबाईने घालून ठेवलेलं नाव होतं, अलका पुणे बिया. दोन फोन समोरासमोर, एक वाजतोय, दुसऱ्यात त्याचीच रिंग जात असल्याचा आवाज.

अलकाताईंनी कॉल बंद केला आणि त्याही हसल्या. "त्यांचा फोन तुम्हीच उचलून आणलात होय! नवरे सगळीकडे सारखेच. बरं, तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

मान हलवली असती तर चाललं असतं. शाल घ्यायची, तीन पायऱ्या उतरायच्या. साठ फूट बाय अठरा फूट बाग जूनपर्यंत वाचत होती.

"ती नाही," गिरीराजराव म्हणाले. माइक त्यांच्या तोंडासमोरच होता. "मार्चमध्ये वारली."

सभागृहातल्या ज्यांना मराठी येत होतं ते आधी गप्प झाले. मग बाकीचे.

"काय सांगताय?" अलकाताईंचा आवाज अगदी खाली आला. "अहो, मी मेसेज करत होते. दिवाळीला केला. निळ्या खुणा यायच्या. कोण बघत होतं?"

"मी."

"आणि उलट नमस्कार यायचे ते?"

"तेही मीच."

अलकाताईंनी आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

सुहास कागद घेऊन पुढे आले. माणूस वाईट नव्हता, त्याच्यापुढे दिवसभराचं वेळापत्रक होतं. "काका, मग मघाशी दहा कसे सांगितलेत?"

"चुकीचं सांगितलं. नऊ."

"हे मला नोंदवावं लागेल."

"नोंदवा."

"नियम सात..."

"ठाऊक आहे. सरी, चालेल." मग ते म्हणाले, "श्रद्धांजलीत तिचं नाव घ्या."

"ते सत्र झालं, काका. पुढच्या वर्षी नक्की घेऊ."

"पुढच्या वर्षी आम्ही नसणार."

सुहासनी अलकाताईंकडे पाहिलं. अलकाताई शालीच्या घडीकडे पाहत होत्या. ती द्यायची की ठेवायची, हे कुणी ठरवत नव्हतं. खाली कुणीतरी शेजाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगत होतं. मागच्या दारातून सांबाराचा वास येत होता.

गिरीराजरावांनी माइक स्वतःकडे ओढला. आपल्याला बोलता येत नाही हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. डेपोतल्या निरोप समारंभात ते फक्त 'बरं' म्हणाले होते.

"के. आर. पुरम पूर्व उद्यान संघ. एक. सोयराबाई राव. एकोणीस मार्च."

मग त्यांनी हात बाजूला सोडले आणि ताठ उभे राहिले. नजर मनगटावरच्या घड्याळावर. दोन मिनिटं.

ऋतुराज उठले. दिव्यश्री दारात होती, ती तिथेच हात जोडून थांबली. थोड्या वेळाने आणखी काही खुर्च्या सरकल्या. जेवणाची वेळ झालीच होती, मागच्या रांगा दारांकडे वळल्या, ताटं वाजू लागली. उभे राहिलेल्यांपैकी किती जण तिच्यासाठी उभे होते आणि किती जेवणासाठी, हे व्यासपीठावरून सांगता येत नव्हतं.

*

गिरीराजराव संघाचे सभासद झाले ते सहा वर्षांपूर्वी. अर्ज सोयराबाईने भरला, त्यांनी न वाचता सही केली. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत ते तलावाकाठच्या त्या बागेत एकदाही गेले नव्हते. घरापासून ती सातशे पावलांवर आहे.