शेवटचं कलम

"काहीतरी चुकलं, असं हा संगणक म्हणतोय," फोनवर सिल्वीबाई म्हणाल्या. "काय चुकलं ते सांगत नाही. आमच्या मास्तरीणबाई निदान कान धरून सांगायच्या."

"खाली 'पुन्हा प्रयत्न करा' असेल, ते दाबा."

"चार वेळा दाबलं रे, तायस्तो. हट्टी आहे."

सकाळचे अकरा वाजले होते. त्या वार्काउस गावात त्यांच्या घरी, मी कुओपिओ शहरात माझ्या स्वयंपाकघरात. तेहेतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलो. खांब गेले, मी उरलो, म्हणून पेन्शनरांच्या मदतकेंद्रात फुकट काम करतो. त्या वसंतात साथीमुळे केंद्र बंद होतं आणि दुसऱ्याचा संगणक न बघता फोनवरून सुरू करून द्यायचा, म्हणजे आंधळ्याने गाडी हाकण्यासारखंच.

सिल्वीबाई चौऱ्याऐंशीच्या. नवरा आर्वो गावाबाहेरच्या देखभालगृहात, पक्षाघाताने वाचा गेलेला. भेटी बंद होत्या. दर मंगळवारी दुपारी दोन वाजता नर्स पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलसाठी त्याच्यासमोर टॅबलेट धरायची. फोनवर तो बोलू शकत नव्हता, म्हणून नातवाने औलू शहरातून हा नवा कोरा संगणक पाठवलेला. आणि आज मंगळवार होता.

"इंटरनेटच्या खोक्यावर दिवे लागलेत का?" मी विचारलं.

"कसे लागतील? झोपताना मी घरातले सगळे प्लग काढते. आग लागली म्हणजे?"

मी कपाळाला हात लावला. माझी आईही हेच करायची. खोक्यात जीव यायला दहा मिनिटं गेली, मग गाडी पुढे सरकली.

"आता अटी आल्या असतील. 'मान्य' दाबा."

"न वाचता?"

"कोणी वाचत नाही हो ते!"

"आर्वो चाळीस वर्षं नगरपालिकेत कारकून होता. न वाचता सह्या केल्या असत्या, तर गावातला पूल तीनदा पडला असता."

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेक कलम. अडलं की मला अर्थ विचारायच्या, आणि मला तो ठाऊक नसायचा. मी दोनदा कॉफी केली. एक वाजून गेला तेव्हा त्या नवव्या कलमावर होत्या.

माझा संयम सुटला. "सिल्वीबाई, आर्वो तिकडे वाट बघत बसेल! दाबा ते!"

पलीकडून टक् आवाज आला.

"आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केली," त्या म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर."

पुढे पडद्यावर प्रश्न आला, हा संगणक कोण वापरणार? "आम्ही दोघं," म्हणत त्यांनी 'सिल्वी आणि आर्वो' लिहिलं. एक नाव पुरेल असं सांगणार होतो, पण राहू दिलं.

मग आकडे सुरू झाले. अकरा टक्के. एकोणीस. मध्येच पुन्हा 'काहीतरी चुकलं', पुन्हा पहिल्यापासून. दोनला दहा कमी असताना एकेचाळीस, आणि खाली सूचना: संगणक बंद करू नका. माझा असता तर मी केव्हाच बटण दाबून बंद केला असता. पण सगळं पुसलं गेलं तर?

"बंद करू नका लिहिलंय, म्हणजे नाही करायचं," सिल्वीबाई म्हणाल्या. मीही हो म्हटलं. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारी माणसं आम्ही.

दोन वाजले. सव्वादोन वाजले. मी फोन ठेवू शकत नव्हतो.

"नर्स त्याचे केस विंचरून खिडकीशी बसवते," त्या म्हणाल्या. "आज उगीचच विंचरले."

अडीचला संगणकाचा पडदा उजळला. "तळ्याचं चित्र आलंय," त्या म्हणाल्या. "आपल्याकडचं नाही. मागे डोंगर आहेत."

"पुढच्या मंगळवारी नक्की, सिल्वीबाई."

"हो तर. निळा ड्रेस घातला होता. धुवायला टाकत नाही, मळलेला नाही."

शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता.

"आर्वो काल गेला. न्याहारीच्या वेळी. लापशी अर्धी खाल्ली होती म्हणे."

खूप वाईट वाटतंय, असं काहीतरी पुटपुटलो.

"हं. माझं काम वेगळंच आहे. तिसऱ्या कलमात लिहिलंय, माहिती खरी द्यायची. संगणक उघडला की आमची दोघांची नावं येतात. आता आर्वो तो वापरणार नाही. मग कळवायला नको? खोटं व्हायला नको."

नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. झोपेतही सांगितलं असतं.

"नाही कळवायचं," मी म्हणालो. "एकदा लिहिलेलं नाव राहू द्यायचं असतं. अटींतच आहे तसं."

"कुठल्या कलमात?"

"शेवटच्या."

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं. तूच घाई केलीस," त्या म्हणाल्या. "बरं. मग राहू दे."