बाईंना रजा कोणी दिली

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाला संताप परवडत नाही. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखालचा जादा ब्रेक तयार ठेवायचा आणि समोरचा विजेचा खांब जवळ येत असताना "हळू, क्लच दाबा" असं शांतपणे म्हणायचं. मास्तरीणबाईंचं पोट त्यावरच चालायचं. भावाच्या लेखी मात्र त्या नुसत्या ताई होत्या, आणि त्या आठवड्यात ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आई आणि अण्णा काही वर्षांपासून परदेशात, धाकट्या भावाकडे राहत होते. अण्णांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, बोलणं अडखळणारं. आईचे गुडघे कुरकुरायला लागलेले. दिवसभर त्यांचं करायला एक बाई येत. "ताई, एकदा तीन महिने काढून ये," असं धाकटा कधीपासून म्हणत होता. ताईलाही जायचंच होतं. तिने तयारीला हात घातला. मालकाची बोलणी खाऊन बिनपगारी रजा मिळवली. अर्धवट शिकलेली मंडळी सहकाऱ्याच्या हवाली केली. व्हिसा झाला, विमा झाला, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा घेतल्या, त्यांच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. घराची किल्ली शेजारणीकडे दिली. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊन शिकून आली. दोन दिवस कंबर धरून चालत होती, पण शिकली.

निघायच्या आधीच्या रविवारी फोनवर बोलताना आई सहज म्हणाली, "तू येतेस म्हणून बाईंना सुट्टी दिलीय त्याने. आणि तू आलीस की दुसऱ्या दिवशी तो आणि त्याच्या घरची मंडळी महिनाभर फिरायला जाणार. तुला ठाऊक असेलच."

तिला कुठलं ठाऊक? "हो, हो," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या शिकाऊला सोडून तिने मैदानाच्या कडेला गाडी उभी केली आणि धाकट्याला फोन लावला.

"बाईंना रजा कोणी दिली?"

"तू येतेच आहेस ना, ताई. मग बाई कशाला?"

"मी लेक म्हणून येतेय. बदली कामगार म्हणून नाही."

"तू उगाच डोक्यात राख घालून घेतेयस."

"अण्णांना काही झालं तर दवाखान्यात सही कोण करणार? मी तिथे पाहुणी. मला रस्ते माहीत नाहीत, डॉक्टर माहीत नाहीत."

"इतका विचार केला तर माणसाने कधी घराबाहेर पडूच नये. किती वर्षं आम्ही कुठे गेलो नाही, माहितीये तुला?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच ती जास्त भडकली. "मग तसं मागायचं होतंस. मागितलं असतंस तर हसत दिलं असतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

"तुझं काय, गाड्या तू नसलीस तरी चालतात."

यावर ती काय बोलली असती कोण जाणे, पण तिकडे कोणीतरी फोन ओढून घेतला. आई होती.

"मगापासून ऐकतेय. दोघं मिळून आम्हाला सामानासारखं इकडून तिकडे ठेवताय. लेकीच्या हातून अंघोळ करून घेणार नाही, असं हे परवापासून सांगतायत. शब्द फुटत नाहीत म्हणून काय झालं? भिंतीकडे तोंड करून झोपतात, ते दिसत नाही कोणाला?"

तिने मालकाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, विमावाल्याला विचारलं. अण्णांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"बाई राहतील," आई म्हणाली. "तू ये, आरामात बस, यांच्याशी पूर्वीसारखी भांड. आणि हा तुला सगळं नीट दाखवून मग जाईल. सही मी करेन. माझे गुडघे गेलेत, हात नाही."

धाकटा मागे काहीतरी पुटपुटला, पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. बाईंना परत बोलावणं गेलं. धाकट्याने आपलं फिरायला जाणं पुढे ढकललं. दवाखान्यातल्या सहीचा अधिकार आईच्या नावावर झाला. घरात धडधाकट डोक्याची बायको बसलेली असताना इतकी वर्षं हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा अण्णा खिडकीशी खुर्चीत होते आणि बाई त्यांचे केस विंचरत होत्या. त्यांनी मान वळवली. बराच वेळ ओठांशी झगडून एक शब्द बाहेर काढला.

"उशीर."

"विमानाला बोला. मला काय बोलता?" ती म्हणाली आणि बूटही न काढता त्यांच्याजवळ बसली.

धाकट्याशी मात्र तो जाईपर्यंत ती कामापुरतंच बोलली. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, तेवढंच.